पडद्यामागचा संचा

१

आईस्क्रीमच्या बाबतीत सहादू विधाते कुणाचं ऐकत नसत. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं मशीनवर उभं राहून ते सत्त्याण्णव साली रिटायर झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात साहेब त्यांच्या कामाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि आईस्क्रीमबद्दल पाच. कोणत्या दुकानात दुधात आरारूट घालतात, कुठे दूध पावडर वापरतात, कुठला आंबा खरा आणि कुठला बाटलीतला, हे सहादू पहिला चमचा जिभेवर ठेवून सांगत. उन्हाळा, पावसाळा, थंडी, त्यांना सगळं सारखंच होतं.

त्यांच्या तोडीचं वेड नाशिकमध्ये आणखी एकाच माणसाला होतं, ते म्हणजे त्यांची धाकटी बहीण लता. मखमलाबादला त्यांच्या वडिलांचा फुलांचा मळा होता. वर्षातून एकदा, चैत्रात, वडील भाड्यानं लाकडी संचा आणायचे. बाहेरच्या पिंपात बर्फ आणि खडेमीठ, आत दुधाचा डबा. ही दोघं भावंडं हात भरून येईपर्यंत दांडा फिरवायची आणि मग डब्यातला दूध घुसळणारा पंखा कुणी चाटायचा यावरून भांडायची.

लताचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा राजू पुण्याला नोकरीला. गंगापूर रोडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. म्हणून सहादूंनी नियम करून टाकला होता. दर रविवारी दुपारी नाशिक रोडहून बसनं सीबीएस स्टँडला यायचं, तिथून रिक्षानं लताकडे, आणि चार वाजता दोघांनी मिळून आईस्क्रीम खायला जायचं. सहादूंच्या बायकोला, कमळाबाईंना, शुगर होती. त्या यायच्या नाहीत. "भाऊ-बहीण बर्फ खाऊन खाऊन एक दिवस गोठाल," एवढं बोलून दार लावून घ्यायच्या.

२

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये लता फोनवर म्हणाली, "दादा, आमच्या इथं नवीन दुकान निघालंय. पाटीवर नुसतं 'संचा आईस्क्रीम' लिहिलंय. मी अजून गेले नाही, तुझ्यासाठी थांबलेय."

दुकान लहानसं होतं. पांढऱ्या सनमायकाची सहा टेबलं, भिंतीवर पंखा, काउंटरवर एक किडकिडीत, स्वच्छ बुशशर्टातला माणूस. त्याचं नाव समाधान. मागच्या भिंतीला जाड हिरवा पडदा, आणि पडद्यामागून येणारा तो आवाज. घर्रर्र, घर्रर्र. सहादू दारातच थबकले. लतानं त्यांच्याकडे बघितलं आणि दोघंही हसले. हा आवाज त्यांनी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

त्यांनी मलई मागवली. पहिला चमचा खाऊन सहादूंनी लगेच दुसरा घेतला. लतानं विचारलं, "काय रे? आरारूट?"

"नाही."

"मग?"

"काहीच नाही गं," सहादू म्हणाले. "यात दोष काढायला काहीच नाही."

लता डाव्या हातानं खात होती. गेलं वर्षभर तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणीसुद्धा शेजारीण घालून द्यायची. डॉक्टर झाले, मालीश झालं, शेक झाला, हात छातीच्या वर जाईना. तशाही अवस्थेत तिनं दोन कप संपवले.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर सहादूंना जाणवलं की काहीतरी खटकतंय. चव नव्हे. बस द्वारका चौक ओलांडून गेली तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. ते दुकानात तासभर बसले होते आणि तो आवाज तासभर एकसारखाच होता. संच्यातलं दूध घट्ट व्हायला लागलं की दांडा जड होतो, आवाज खाली उतरतो, फेरे सावकाश पडतात आणि शेवटी हात थांबतो. मग डबा उघडायचा, माल काढायचा, नवीन दूध भरायचं. हा आवाज जड झाला नव्हता. थांबला तर मुळीच नव्हता.

३

पुढच्या रविवारी ते कान लावूनच बसले. प्रेसमध्ये बेअरिंग बिघडायच्या दोन दिवस आधी त्यांना आवाजावरून कळायचं. इथे त्यांनी घड्याळ लावून ऐकलं. एक संचा नव्हता, पुष्कळ होते, आणि सगळे एकाच तालात फिरत होते. एखादा क्षणभर मागे पडायचा आणि लगेच इतरांना गाठायचा.

पैसे देताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोटार लावलीय का?"

"नाही काका, हातानंच," समाधान म्हणाला. "आमची माणसं आहेत."

"दमत नाहीत?"

समाधाननं त्यांच्याकडे बघितलं. "दमतात की," तो म्हणाला आणि फडक्यानं काउंटर पुसू लागला.

सहादूंनी मनाशी ठरवलं, हा टेपरेकॉर्डर आहे. गिऱ्हाईक खेचायला वाजवत असेल. तेवढ्यात लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला, रस्त्यापलीकडच्या दुकानातली गाणी बंद पडली. पडद्यामागे घर्रर्र चालूच होतं. असेल, सेलवर चालणारा असेल, ते स्वतःला म्हणाले. पण मग त्यांची नजर टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे गेली. पेल्याला कुणी हात लावला नव्हता. आतलं पाणी सावकाश गोल फिरत होतं. लताच्या पेल्यातलंही तसंच, त्याच दिशेनं.

बाहेर पडल्यावर काहीतरी निमित्त काढून त्यांनी दुकानाला वळसा घातला. मागे मोकळा प्लॉट होता, त्यात गवत आणि बांधकामाची उरलेली खडी. दुकानाची मागची भिंत पडद्याच्या फार तर चार पावलं मागे असेल. त्या चार पावलांत एवढे संचे मावायचे कसे, याचा विचार करत ते उभे राहिले. मग लतानं हाक मारली आणि ते निघाले. पुढच्या रविवारी दुसरीकडे जाऊ, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. पण जिभेवर अजून ती मलई होती.

४

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आंबा आला होता. दोघांचे कप अर्धे झाले असतील, तोच समाधान टेबलापाशी आला. हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "ताई, रागावू नका. तुमचा खांदा दुखतो ना? आत या, दोन फेरे फिरवून बघा. मोकळा होईल."

"अहो, हात उचलत नाही तिचा," सहादू म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो."

लता हसली. "लहानपणी याच्यापेक्षा जास्त मीच फिरवायचे," तिनं समाधानला सांगितलं आणि उठली. सहादू उठेपर्यंत पडदा तिच्यामागे पडलासुद्धा. त्यांनी पाऊल टाकलं तसा समाधान हळूच आडवा आला. "एका वेळी एकच, काका. आत जागा नाही."

सहादू बसून राहिले. तालात एक नवीन घर्रर्र मिसळलेलं त्यांना ऐकू आलं. आधी अडखळत, मग ठीक.

वीस मिनिटांनी लता बाहेर आली. तिचा चेहरा थंडगार पाण्यानं धुतल्यासारखा दिसत होता. तिनं उजवा हात सरळ वर उचलला, डोक्याच्याही वर, आणि सुटलेली बट कानामागे सारली.

"दादा, बघ!"

सहादूंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर बहिणीला त्यांनी दात आवळून पदर सावरताना बघितलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आत काय आहे गं?"

"संचे आहेत. दुसरं काय असणार?"

"आणि माणसं?"

"आहेत. बायाच जास्त."

"कुणी बोललं तुझ्याशी?"

"कामात असल्यावर कोण कशाला बोलेल?" ती म्हणाली आणि चप्पल घालायला वाकली.

टेबलावर तिचा अर्धा कप तसाच होता. पन्नास वर्षांत लतानं आईस्क्रीम टाकलेलं सहादूंनी बघितलं नव्हतं. "खा ना," ते म्हणाले.

तिनं कपाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. "मला नको. तू खा."

त्यांनी तो खाल्ला.

५

त्यानंतर रविवार सोडला तर दुपारी लताचा फोन कुणी उचलेना. दोन आठवडे असे गेल्यावर सहादू एका बुधवारी न सांगता तिच्याकडे गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ताई रोज अकराला जातात, दिवेलागणीला येतात. काम धरलंय म्हणाल्या."

सहादू जिन्यात बसून राहिले. सात वाजता लता आली. बारीक झाली होती, पण दुखण्याचं नाव नव्हतं. तिनं त्यांना पिठलं-भाकरी केली. जेवताना सहादूंना दिसलं की ती अजूनही डाव्या हातानंच घास घेत होती. उजवा हात मांडीवर होता. मूठ वळलेली, आणि ती मूठ मांडीवर लहान लहान गोल काढत होती.

"लते, हात."

"असू दे."

त्यांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. मनगट बर्फासारखं होतं. पण ते थंडीनं दचकले नाहीत. दचकले ते ओढीनं. तीस वर्षं मशीनवर काम केलेला हात होता त्यांचा, तरी तिची मूठ थांबेना. त्यांचाच हात तिच्याबरोबर गोल फिरू लागला.

त्यांनी सोडून दिलं. "उद्यापासून जायचं नाही."

"जावं लागतं, दादा."

"कोण म्हणतं जा म्हणून? तो समाधान?"

"तो बिचारा काय म्हणणार! कुणीच म्हणत नाही." ती ताटाकडे बघत होती. "सोडून आलं की काळजी लागून राहते. बाकीचे पुरे पडतील ना, अशी."

"कशाला पुरे पडतील?"

लता उठून ताटं घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी खांदा सगळीकडून फिरवून बघितला आणि विचारलं, "कुणाचं औषध चालू आहे? एकदम छान झालाय." हाताच्या फिरण्याबद्दल म्हणाले, सवय असते एकेकाला. पुण्याला राजूला फोन केला, तर तो उलट खूश झाला. "मामा, आईला काहीतरी विरंगुळा मिळाला हे बरंच झालं की. एकटी घरात बसून खचत होती ती." पोलिसांकडे जाऊन काय सांगायचं? बहीण आईस्क्रीमच्या दुकानात जाते? तिचा खांदा बरा झाला?

कमळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "तुम्ही अजून तिथलं खाता का?"

सहादूंनी पेपर उघडला. दर रविवारी ते लताला परत आणायला म्हणून जात होते आणि दर रविवारी एक कप खाऊन येत होते.

६

मेच्या शेवटच्या रविवारी दाराला कुलूप होतं आणि शेजारीण म्हणाली, "चार दिवस झाले, ताई रात्रीच्याही आल्या नाहीत. आम्हांला वाटलं तुमच्याकडे आहेत."

सहादू जवळजवळ धावतच दुकानात शिरले. उकाडा मरणाचा होता, सगळी टेबलं भरली होती. समाधाननं त्यांना काउंटरशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि न विचारता समोर कप ठेवला.

"माझी बहीण कुठंय?"

"आत आहेत."

"बोलव तिला."

"आता कसं बोलावू, काका?" समाधान खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "उन्हाळ्यात जोर वाढतो. माणसं कमी पडतात. माझी बायको आत आहे, फेब्रुवारीपासून. मी काय करू, सांगा ना तुम्ही."

"तू दुकान बंद कर!"

"दुकान बंद केलं तर आत फिरवायला कोण येईल?"

सहादू त्याला वाट्टेल ते बोलले. पोलीस, कोर्ट, माणसं जमवून दुकान फोडीन, सगळं. समाधान खाली मान घालून ऐकत होता. बोलता बोलता सहादूंचा हात कपाकडे गेला आणि चमचा तळाला लागून वाजला. भांडता भांडता त्यांनी सगळा कप संपवला होता.

ते उठले आणि पडदा बाजूला केला. या वेळी समाधान आडवा आला नाही.

७

आत थंडी होती आणि एकच पिवळा बल्ब. त्याच्या उजेडात लाकडी पाटांची रांग दिसत होती, पाटांवर बसलेली माणसं आणि त्यांचे फिरणारे हात. रांग बल्बच्या पलीकडे अंधारात गेली होती. सहादूंना पलीकडची भिंत दिसली नाही.

लता नववी होती. तिच्याशेजारचा पाट रिकामा होता.

"लते, ऊठ. घरी चल."

"दादा, बोलू नकोस. हात चुकतो."

ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या पुढ्यात पिंप नव्हतं. बर्फ नव्हता, मीठ नव्हतं, डबा नव्हता. कुणापुढेच नव्हता. नुसता दांडा, दांड्याला चाक आणि चाकातून निघालेली लोखंडी कांब, सरळ फरशीतल्या भोकात उतरलेली. भोकातून गार वाफ येत होती. त्याच्या कडेला काहीतरी पांढरं, मऊ, हळूहळू वर येऊन साचत होतं. रांगेतून एक म्हातारी पातेलं घेऊन सरकत होती आणि प्रत्येक भोकाच्या कडेचं ते पांढरं पळीनं खरवडून घेत होती.

सहादूंनी भोकावर वाकून बघितलं. "खाली काय आहे?"

"आम्हांला काय माहीत," लता म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "ते खालून फिरवतं, आम्ही वरून फिरवतो. आम्ही सोडलं तर ते उलटं फिरेल. एवढंच कळतं."

"उलटं फिरलं तर काय होईल?"

"दादा, जा."

त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही हातांनी तिच्या मुठीवर पकड घेतली, पाय फरशीला रोवले आणि सगळा जोर लावून तिची बोटं दांड्यापासून उपटली.

घर्रर्र थांबलं.

एका लताचंच नव्हे, सगळ्या रांगेचं. पडद्याबाहेरच्या टेबलांवरचे चमचे, रस्त्यावरचा रिक्षाचा भोंगा, सगळं एकदम स्पष्ट ऐकू आलं. रांगेतली सगळी माणसं मान वळवून सहादूंकडे बघत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता.

मग फरशीखालून, फार खोलातून, एक फेरा पडला. सावकाश, आरामात, उलट्या दिशेनं. सगळे दांडे एकदम मागे गेले. बाहेर दुकानात पेले थरथरले, एक तान्हं मूल किंचाळून रडायला लागलं. सहादूंच्या दाढेतून, बरगड्यांतून, पोटात गेलेल्या त्या सगळ्या गारव्यातून तो फेरा गेला. त्यांना वाटलं, आपल्यातही एक कांब आहे आणि तिला आत्ता कुणीतरी हात लावला.

दुसरा फेरा सुरू व्हायच्या आत त्यांनी स्वतःच दांडा धरला. लतानं त्यांच्या हातांवर हात ठेवले. रांगेतल्या सगळ्यांनी मिळून जोर काढला. सहादू ओरडत होते, आपण काय ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं. पुष्कळ वेळानं दांडा अडला, मग पुढे सरकला, मग फिरायला लागला.

"कळलं ना?" लता म्हणाली. तिनं त्यांचे हात एकेक करून दांड्यावरून सोडवले, लहान मुलाचे सोडवावेत तसे. "आता जा. तुझ्यानं व्हायचं नाही हे. तुझं वय झालंय." थोडं थांबून ती पुटपुटली, "राजूला येऊ देऊ नकोस इकडे."

सहादूंनी रिकाम्या पाटाकडे बघितलं. बसायला हवं होतं. पण बसले नाहीत. ते भिंत धरून उभे राहिले आणि बहिणीचा हात फिरताना बघत राहिले.

८

ते बाहेर आले तेव्हा दुकान पुन्हा नेहमीसारखं झालं होतं. तान्हं मूल आईच्या खांद्यावर गप्प झोपलं होतं. लोक भूकंपाबद्दल बोलत होते. बसला का तुम्हांला, मला बसला, असं. समाधान सांडलेलं पाणी पुसत होता. त्यानं वर बघितलं नाही.

सहादू पडद्याशेजारी उभे होते. आतले आवाज त्यांना आता वेगवेगळे ऐकू येत होते. नववा लताचा. तो मागे पडत होता. गाठत होता, पुन्हा मागे पडत होता. दमली होती ती.

दारातून एक जोडपं आत आलं. पहिल्यांदाच आलेलं दिसत होतं. नवरा काउंटरवरची यादी वाचायला लागला. बायको तिशीची, हसऱ्या चेहऱ्याची. ती इकडेतिकडे बघत सहादूंजवळ आली.

"काका, तुम्ही नेहमीचे दिसता. कसं असतं हो इथलं?"

इथून जा, सहादूंना म्हणायचं होतं. मुलं असतील तर त्यांना घेऊन नाशिक सोडून जा. त्यांनी तोंड उघडलं. आत नववा आवाज पुन्हा अडखळला, आणि या वेळी त्याला गाठायला वेळ लागला.

"चांगलं असतं," सहादू म्हणाले. "यात दोष काढायला काही नाही."

"आणि आत खरंच हातानं फिरवतात? कसला छान आवाज येतोय."

सहादूंनी तिच्या हातांकडे बघितलं. हिरव्या बांगड्या होत्या. मनगटं भरदार होती, कामाची सवय असलेली.

"बघायचंय का?" त्यांनी विचारलं आणि तिच्यासाठी पडदा धरला.